वेगळा हौद

"मुट्टबेड!"

मी शिकलेला हा पहिला कन्नड शब्द. शिवू नको. मला कुणी शिकवला नाही, अंगावर ओरडून सांगितला. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझ्या हातात प्लास्टिकची लाल बादली होती आणि ती मी मालकांच्या हौदात बुडवली होती.

सोलापुरात पाण्याचा वार असतो. आता पाच दिवसांनी येतं, तेव्हा उन्हाळ्यात तीन दिवसांनी यायचं. पाण्याच्या वारी इथं लग्नसुद्धा धरत नाहीत. आमच्या आवारात एकच नळ होता आणि तो मालकांच्या हौदावर सोडलेला असायचा. आम्ही मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. आमची भांडी हौदापासून चार हात लांब, ओळीनं मांडून ठेवायची. मालकांकडची कुणीतरी बाई यायची, तिच्या भांड्यानं आमच्या भांड्यात वरून पाणी ओतायची. तिचं भांडं आमच्या भांड्याला लागू द्यायचं नाही. निम्मं पाणी फरशीवर सांडायचं, पण ते चालायचं.

आम्ही महार. आता बौद्ध. बाबा जेऊरहून सोलापूरला आले ते रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायला. आई यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. मालकांच्या घरात कन्नड बोलत, दुकानात मराठी. म्हाताऱ्या मालकांनी बाबांना खोल्या दिल्या तेव्हा जात विचारून दिल्या होत्या. लपवलं काहीच नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं आम्हाला लबाडसुद्धा म्हटलं गेलं.

त्या दिवशी आईची कारखान्यातली पाळी संपायला उशीर झाला. भांडी मांडायला कुणी नव्हतं, म्हणून ओतायलाही कुणी आलं नाही. दुपारी घरात प्यायला घोटभर पाणी नव्हतं. मी आवारात गेले. हौद काठोकाठ भरलेला. आजूबाजूला कुणी नाही. मी बादली बुडवली. गार पाणी कोपरापर्यंत आलं. मला इतकं बरं वाटलं की मी हात तसाच आत ठेवला. तेवढ्यात थोरल्या मालकीणबाई मागच्या दारातून आल्या.

त्या ओरडल्या. मग कपाळावर हात मारून मराठीत म्हणाल्या, "सगळा हौद बाटवलास की गं तू!"

आईला कारखान्यातून बोलावून आणलं. हौद रिकामा करायचा होता. तीन दिवसांचं पाणी. आईनं बादलीनं उपसायला सुरुवात केली. तासभर उपसत होती. उपसायला आई चालली. घासायला मात्र त्यांची स्वतःची मोलकरीण बोलावली, चिंच आणि राख घेऊन.

पाणी मोरीतून बाहेर गल्लीत जात होतं. गल्लीतल्या बायका धावत आल्या. मोरीच्या तोंडाला बादल्या लावून त्यांनी ते भरून नेलं, कपड्यांना झालं, भांड्यांना झालं म्हणत. हसत होत्या, आज मालकांच्यात काय दिवाळी हाय का म्हणत. पाणी कुणाच्या हातानं बाटलं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते चांगलं होतं. मी आमची बादली घेऊन त्यांच्यात घुसायला निघाले. आईनं उपसता उपसता मान वर केली.

"आपण न्हाय भरायचं."

घरात आल्यावर तिनं मला मारलं. हातानं नाही, उलथन्यानं. मारताना ती रडत होती, मी रडत नव्हते. मला खरंच कळत नव्हतं. माझा हात स्वच्छ होता. मी तो पुनःपुन्हा बघत होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. अण्णा म्हणजे थोरले मालक. म्हाताऱ्या मालकांच्या पाठीमागं घर चार भावांचं झालं होतं आणि कारभार अण्णा बघायचे. गोड माणूस. कधी आवाज चढवायचे नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून आईला म्हणाले, "सुंदराबाई, झालं ते झालं. पोर हाय, तिला काय कळतंय. तुमी असं करा, मागच्या बाजूला तुमचा वेगळा हौद बांधून घ्या की. मी सांगतोय म्हणून बांधा. नळाला पाईप जोडून देतो. परत भांडण नको."

दोन पोती सिमेंटही त्यांनी पाठवलं. आई त्यांच्या पाया पडली. लांबून, जमिनीला हात लावून.

बाबांनी ओळखीचा गवंडी आणला. चार फूट लांब, तीन फूट रुंद, छातीएवढा उंच. आत सिमेंटची निळसर, गुळगुळीत घोटाई. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा मी त्यात तोंड घातलं आणि डोळे उघडे ठेवले. आमचा हौद. शाळेत मी सगळ्यांना सांगितलं, आमच्याकडं स्वतःचा हौद आहे. गल्लीत निम्म्या घरांत नुसती पिंपं होती. मला त्या हौदाचा अभिमान होता. आज लिहिताना या गोष्टीची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. उलथन्याच्या वळांची नाही, "मुट्टबेड"ची नाही. मला वेगळं काढलं होतं, आणि मी तेच सगळ्यांना कौतुकानं दाखवत फिरत होते.

आई तर जन्मभर म्हणायची, अण्णांसारखा माणूस व्हायचा न्हाय.

बाबा गेले. माझं लग्न झालं, चार वर्षांत मी परत आले. तो वेगळा विषय आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या काठाला शिलाई मारायचं काम धरलं. सकाळी सायकल, संध्याकाळी सायकल. आईचे गुडघे गेले. खोल्या त्याच, हौद तोच. आजूबाजूला जग बदललं असं म्हणतात. मालकांच्या घराला काचेची दारं आली. थोरल्या मालकीणबाई वारल्या. मयतीला आई जाऊन आली, आवाराच्या कडेला उभी राहून.

मग नोटीस आली.

धाकट्या मालकांनी पाठवली होती. चार भावांतले ते सगळ्यात लहान. त्यांना आवार मोकळं करून पुढं दुकानं काढायची होती, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण नोटिशीत तसं नव्हतं. नोटिशीत होतं की भाडेकरूनं मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं आहे, म्हणजे सिमेंटचा पाण्याचा हौद, म्हणून जागेचा ताबा द्यावा.

मी तो कागद तीनदा वाचला. मला हसू आलं. खरंच आलं. आई विचारत होती, काय लिवलंय गं, काय लिवलंय. मी म्हणाले, "आई, आपण हौद बांधला म्हणून आपल्याला काढताहेत."

आईचा विश्वास बसेना. "आगं, त्येनीच सांगितलं की बांधायला!"

"कागद आहे का?"

"कागद?" आई माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं काही मी काहीतरी घाण बोलले. "अण्णांच्या शब्दाला कागद मागू व्हय मी?"

हीच आमची चूक. आमचीच असते ही. दुकानदार कागद घेतो, मालक कागद घेतो, बँक तर कागदाशिवाय तोंडाकडं बघत नाही. आम्ही शब्द घेतो. मोठा माणूस आपल्याशी दोन शब्द नीट बोलला, हेच आम्हाला इतकं जड होतं की वर कागद मागणं म्हणजे त्यांचा अपमान वाटतो. त्यांचा अपमान होऊ नये म्हणून आम्ही तीस वर्षं जपलं.

मी सिटी सर्व्हेच्या ऑफिसात तीन हेलपाटे घालून उतारा काढला. घरावर चार नावं होती. मला वाटलं, जिंकलो. घर चौघांचं आहे, एकटा धाकटा आम्हाला कसा काढेल? उतारा घेऊन वकीलबाईंकडं गेले. तरुण बाई, आमच्याच समाजातल्या, फी नंतर बघू म्हणाल्या. त्यांनी उतारा वाचला आणि बाजूला ठेवला.

"ताई, ह्याचा उपयोग नाही. घर सामायिक असलं तरी भाडेकरूला काढायला एका मालकाचा दावा पुरतो. तो सगळ्यांच्या वतीनं केलाय असं धरतात. बाकीचे गप्प बसले तरी चालतं."

"आणि हौद बांधा म्हणून एकानंच सांगितलं असेल तर?"

"परवानगी लेखी लागते."

"म्हणजे काढायला एक पुरे. आणि ठेवायला एकाचा शब्द चालत नाही."

त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. म्हणाल्या, "स्वयंपाकाचा ओटा बांधला असता तर कायद्यात चाललं असतं. ओट्याला परवानगी लागत नाही. हौदाचं तसं काही लिहिलेलं नाही." मग म्हणाल्या, "एकच वाट आहे. बाकीच्या मालकांतल्या कुणीतरी उभं राहून म्हणायचं, माझी ह्या दाव्याला हरकत आहे, हौद माझ्या सांगण्यावरून बांधलाय. मग मी भांडू शकते. अण्णा येतील का कोर्टात?"

घरी येऊन विचारलं तर आई म्हणाली, "येतील की. न येऊन कसं चालंल?"

दुसरे भाऊ पुण्याला, तिसरे नुसते सहीपुरते. म्हणून सगळं अण्णांवर आलं. चाळीस वर्षांचं बिऱ्हाड, आईचं म्हातारपण, सगळं त्या एका माणसाच्या तोंडात.

अण्णा एका रविवारी आमच्याकडं आले. या वेळी आत आले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. आईनं मला टपरीवर पिटाळलं, कागदी कपातला चहा आणायला. आमच्या घरचा चहा अण्णा घेत नाहीत. हे कुणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. मी चहा आणला, त्यांच्या हातात दिला, ते फुंकर मारून प्यायले. हे काही जुन्या काळातलं नाही. माझ्या हातात तेव्हा मोबाइल होता.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "मी कोर्टात येतो. मी सांगितलं म्हणून बांधला म्हणतो. धाकट्याच्या दाव्याला माझी हरकत हाय म्हणतो. सख्ख्या भावाच्या विरोधात उभा राहतोय मी, तुमच्यासाठी. फक्त ते जुनं काढू नकोस."

"कुठलं जुनं?"

त्यांना तो प्रश्न आवडला नाही. कप खाली ठेवला. "तुला माहीत हाय की. माझी बायको गेली आता. गेलेल्या माणसाचं नाव कशाला? नातवंडं शिकलीत, चांगल्या जागी हायत. कोर्टाच्या कागदावर तसलं काय आलं तर आमची अब्रू राहील का? सोयीसाठी बांधला म्हण. खोटं थोडंच हाय? तुमची सोयच झाली की."

तुमची सोयच झाली की.

आई पटकन म्हणाली, "व्हय अण्णा. तेवढंच म्हणल ती."

माझं डोकं तापलं होतं, पण मी आईचे गुडघे बघत होते. नव्या जागेत तिला जिना कोण चढवणार? मी वकीलबाईंना सांगितलं, लिहा. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र टाइप केलं. 'सदर हौद आम्ही आमच्या सोयीसाठी, थोरल्या मालकांच्या संमतीने बांधला.' वकीलबाईंनी मला एकदा विचारलं, "असंच आहे ना, ताई?" मी हो म्हणाले. सही केली. माझी सही चांगली आहे, दहावीला होते तेव्हापासून तशीच. त्या दिवशी ती करताना पेन कागदात रुतला.

हे मी लपवत नाही. मी खोटं लिहून दिलं. घरासाठी दिलं.

तारखांवर तारखा झाल्या. शेवटी माझी उलटतपासणी लागली. कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेतली. कोर्टाच्या त्या खोलीत पंखा फिरत होता, पण वारा फक्त जजसाहेबांच्या टेबलावर. मागच्या बाकावर अण्णा बसले होते, इस्त्रीचं धोतर, कपाळाला भस्म, माझ्यानंतर त्यांची साक्ष होती. त्याच बाकावर दुसऱ्या टोकाला धाकटे मालक. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत होते. मला वाटलं होतं दोघांत वैर असेल. ते शेंगदाण्याच्या पुडीतले दाणे देतघेत होते.

धाकट्या मालकांचे वकील उठले. सभ्य बोलणारे.

"आवारात सामायिक हौद होता, हे खरं आहे?"

"हो."

"मोठा होता?"

"हो."

"सगळ्या आवाराला पुरेल इतका?"

"हो."

"मग तुम्हाला वेगळा हौद बांधायची गरज काय होती?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. सोयीसाठी. एक शब्द. तो म्हटला की अण्णा उठणार, पिंजऱ्यात येणार, हरकत आहे म्हणणार. मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी हात किंचित वर केला, पंजा खाली, लहान पोराला बस बस म्हणतात तसा. त्यांचे ओठ हलले. तो शब्द ते मला सांगत होते. विसरू नये म्हणून.

वकील म्हणाले, "बोला ना. हौस होती का?"

कुणीतरी हसलं. फार नाही. मागं कुणी दुसऱ्या खटल्याचे लोक बसले होते, त्यांतलं कुणीतरी.

हौस.

तीस वर्षांपूर्वी आई वाकून तासभर पाणी उपसत होती. तिच्या साडीचा काठ भिजून जड झाला होता. आणि आम्हाला हौस होती.

मी म्हणाले, "हौस नव्हती, साहेब. मोठ्या हौदात मी बादली बुडवली होती. मी नऊ वर्षांची होते. आम्ही महार. हौद बाटला म्हणून सगळं पाणी काढून टाकलं. माझ्या आईलाच उपसायला लावलं. मग आम्हाला सांगितलं, तुमचा वेगळा बांधा."

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली.

साहेबांनी चष्मा काढला. "हळू सांगा. वेगळा बांधा असं कोणी सांगितलं?"

"ते. मागं बसलेत."

सगळ्यांनी मागं बघितलं. अण्णा माझ्याकडं बघत नव्हते, त्यांच्या चपलांकडं बघत होते. साहेबांनी मी बोलले ते टाइप करणाऱ्या बाईंना सांगायला सुरुवात केली. वाक्य वाक्य. 'आम्हाला सामायिक हौदाला हात लावू देत नव्हते.' माझं वाक्य त्यांच्या तोंडून सरकारी होऊन कागदावर जात होतं आणि मी ऐकत होते. मी पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होते. भीतीनं नाही. माझ्या आयुष्यात मी एवढं सरळ कधी उभी राहिले नव्हते, त्याची पायांना सवय नव्हती.

वकील मात्र हुशार. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र वर केलं. "इथं तुम्ही शपथेवर लिहून दिलंय, हौद सोयीसाठी बांधला. मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?"

वकीलबाई खाली मान घालून बसल्या होत्या.

"तेव्हा," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही शपथेवर खोटं लिहून देता."

"एकदा दिलं. अण्णा म्हणाले म्हणून दिलं."

मागं बाक वाजला. अण्णा उठले होते. त्यांनी टोपी घातली, दाराकडं गेले आणि बाहेर पडले. माझ्या वकीलबाई त्यांच्यामागं व्हरांड्यापर्यंत धावल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, अण्णा आता साक्ष देणार नाहीत. धाकटे मालक जागेवरून हललेही नाहीत. जात निघाली काय, अब्रू गेली काय, त्यांना फरक पडत नव्हता. त्यांना ताबा मिळणार होता. उरलेले शेंगदाणे त्यांनी तोंडात टाकले.

मी बाहेर आले तेव्हा आई पायऱ्यांवर बसली होती. अण्णा तिच्या समोरून गेले होते, एक शब्द न बोलता. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काय बोललीस?"

मी सांगितलं.

आई पायरीला हात टेकून उठली. मग म्हणाली, "उभ्या जन्मात एकदा तोंड उघडलंस, ते घर घालवायला."

रिक्षात ती माझ्याकडं पाठ करून बसली. मला तिचा राग आला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. फार आला. वाटलं, ज्या बाईनं तो हौद उपसला तिलाच कसं कळत नाही? नंतर वाटलं, तिलाच तर कळतंय. माझ्यापेक्षा जास्त कळतंय. तिनं तो अपमान गिळला होता आणि त्यावर तीस वर्षं छप्पर टिकवलं होतं. मी तो ओकून टाकला आणि छप्पर गेलं. मी बरोबर होते म्हणून तिचे गुडघे बरे होणार नव्हते.

निकाल लागला. वकीलबाईंनी वाचून दाखवला. सहमालकांपैकी एकाला दावा करता येतो. इतर सहमालकांनी हरकत नोंदवलेली नाही. बांधकाम पक्कं आहे, लेखी परवानगी नाही, हे प्रतिवादीला मान्य आहे. आणि मग ते वाक्य. हौद कोणत्या कारणाने बांधला, याचा विचार करण्याची या दाव्यात आवश्यकता नाही.

"परत वाचा," मी म्हणाले.

त्यांनी परत वाचलं.

मालकीणबाईंनी बाटवलं म्हटलं तेव्हा निदान माझा हात त्यांना दिसला होता. इथं तर तोही दिसला नाही. आवश्यकता नाही. मी वकीलबाईंना विचारलं, त्या बाटवण्याबद्दल तक्रार करता येईल का? त्या म्हणाल्या, "ताई, बाई वारल्या. तीस वर्षं झाली. साक्षीदार कोण? तुमची आई. ती बोलेल?" आई बोलणार नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

जागा सोडायला मुदत मिळाली. त्या मुदतीत अण्णांचा निरोप आला, गल्लीतल्या किराणावाल्याच्या तोंडून. अपील कर. अपिलात मी हरकत घेतो. पण आधी घरी येऊन माफी माग आणि ते शब्द मागं घेतो म्हणून लिहून दे. या वेळी मात्र लेखी पाहिजे होतं त्यांना.

आईनं मला जेवायला वाढलं आणि समोर बसली. कितीतरी दिवसांनी समोर बसली होती.

"जा की गं. चार शब्द तर म्हणायचे. म्हातारा माणूस हाय, पाया पडलीस तर काय झिजशील?"

"त्यांच्या पाया लांबूनच पडावं लागतं, आई."

"मग लांबून पड."

मी ताट सारलं. "नाही."

"माझ्यासाठी?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. तिनं माझ्यासाठी किती केलं, मला माहीत आहे. कांड्या भरून तिच्या बोटांची कातडी गुळगुळीत झालीय, बँकेत अंगठा उमटत नाही. त्या बोटांकडं बघत मी परत म्हणाले, "तुझ्यासाठी पण नाही." आई उठली. तिनं भांडी घासायला घेतली आणि घासत राहिली, स्वच्छ झाल्यावरही.

अपील आम्ही केलं नाही.

आता मी खोल्या बघत फिरते. कारखाना सुटला की सायकल काढते. सात झाल्या. पहिल्या दोन ठिकाणी मी काही बोललेच नाही, त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, खोली कालच गेली होती. तिसरीकडं भाऊ-बहिणीचं सामायिक घर. भाऊ या म्हणाला, बहिणीनं फोनवर नको म्हटलं. तेव्हा कळलं, नको म्हणायलाही एक पुरतो. चौथी खोली आमच्याच समाजातल्या घरात. ते म्हणाले, सोबत पुरुषमाणूस नाही, दोन बायकांना नको. मी तिथंच त्यांच्याशी भांडले. पाचव्या घरी बाई फार प्रेमानं बोलली, चहा विचारला, आणि म्हणाली, आमचं काही नाही हो, शेजारचे ऐकत नाहीत. सहावी जिन्यावर होती.

सातवी बघायला आई बरोबर आली होती, रिक्षानं. एमआयडीसीच्या अलीकडं, तळमजला, खिडकी. तिला आवडली. मालक आतून किल्ली आणायला गेला तेवढ्यात तिनं माझा दंड धरला.

"दुसरं आडनाव सांग. एकदाच. कोण बघायला येतंय?"

मालक बाहेर आला. मी म्हणाले, "दादा, आम्ही बौद्ध आहोत. तुमच्या हौदातलं पाणी मी माझ्या हातानं घेणार. चालत असेल तर किल्ली द्या, आणि तसं करारात लिहा. घरावर जितकी नावं असतील तितक्या सह्या लागतील."

त्यानं किल्ली खिशात घातली. "बघून सांगतो," म्हणाला. त्यानं सांगितलं नाही.

परत येताना आई रिक्षात रडत होती. "अशानं तुला कोणच जागा देणार न्हाय," म्हणाली. तिचं खरंही असेल. मुदतीचे अकरा दिवस राहिलेत. सामान बांधलेलं नाही, कारण बांधून न्यायचं कुठं हेच ठरलेलं नाही. बाराव्या दिवशी ताबा घ्यायला कोर्टाचा बेलिफ आला तर आम्ही रस्त्यावर असू, आई आणि मी, आणि मला तिच्याकडं बघावं लागेल. मी रोज हे डोळ्यांसमोर आणून बघते. तरी मत बदलत नाही.

दहा माणसांसमोर मी एकदा खरं बोलले. त्यानं काही मिळालं नाही. पण त्याआधी एकदा सही करून खोटं बोलले होते आणि त्यानंही काही मिळालं नव्हतं. दोन्हीत घर जाणारच असेल, तर मी खरं बोलून घालवीन. लांबून ओतलेलं पाणी मी पुन्हा घेणार नाही. कुणाचा गोड शब्द घेणार नाही. ज्या घरात माझ्या हातानं पाणी बाटतं, ते घर फुकट मिळालं तरी माझ्या कामाचं नाही.

उद्या आठवी खोली बघायची आहे. दार उघडलं की ते विचारायच्या आत मी जात सांगणार, आणि मग पाणी कुठं भरायचं ते विचारणार. त्यांनी दार लावलं, तर नववी.